जुन्या टाइल्स काढताना

दिवाळी सरली, भिंतींची पावसाळी ओल थोडी सुकली, की आमच्या पनवेलमध्ये एक ओळखीचा आवाज सुरू होतो. सकाळी दहाच्या सुमारास कुठल्या तरी मजल्यावर छिन्नीवर हातोडा पडू लागतो, मधूनच ग्राइंडरची कर्कश किंकाळी येते आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तेवढी शांतता होते. लग्नसराईच्या आधी स्वयंपाकघर नवे करून घेण्याचे हे दिवस. या दिवसांत खोकला किंवा दम घेऊन येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी एक प्रश्न न चुकता विचारतो : घरात किंवा शेजारी फोडाफोडीचे काम चालू आहे का? ही सवय मला एका चुकीने लावली. चूक माझीच होती, म्हणून आधी तीच सांगतो.

नवीन पनवेलमधील एक काकू गेली अनेक वर्षे माझ्याकडे येतात. वय चौऱ्याहत्तर. लग्नानंतरची वीस-बावीस वर्षे पेण तालुक्यातील सासरी चुलीपुढे गेली. पुढे यजमानांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड इकडे आले. आयुष्यात त्यांनी विडी-सिगारेटला स्पर्श केलेला नाही, तरीही त्यांना सीओपीडी आहे. म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या आणि फुफ्फुसांची लवचीकता कमी झालेली. हा आजार धूम्रपान करणाऱ्यांचाच, असा समज आम्हा डॉक्टरांतही बराच काळ होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मधील लेखात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीचा विषय ठळकपणे मांडला, लाकूड-गोवऱ्यांचा धूर हे त्याचे एक मोठे कारण. आपल्या घरातील सत्तरी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांच्या छातीत त्या चुलीचा हिशेब अजून बाकी असतो. जिना चढताना लागणारी धाप त्या ‘वयामुळे’ म्हणून सोडून देतात.

तर या काकूंच्या मुलाने मला विचारले, “डॉक्टर, किचनच्या टाइल्स काढायच्या आहेत. आईला त्रास नाही ना होणार?” बाहेर रुग्णांची रांग होती. मी म्हणालो, “दोन-तीन दिवसांचाच प्रश्न आहे. त्यांना आतल्या खोलीत बसवा, दार लावून घ्या, मास्क द्या.” टाइल्स कशाने काढणार, किती थर आहेत, आतली खोली वाऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, यांपैकी एकही प्रश्न मी विचारला नाही.

तिसऱ्या रात्री दीड वाजता मुलाचा फोन आला. काकू पलंगाच्या कडेला बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून श्वास ओढत होत्या. वाक्य पूर्ण होत नव्हते. ऑक्सिजन मोजण्याच्या चिमट्यावर ८४ आकडा होता. त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाच दिवस ऑक्सिजन, वाफेतून औषध, शिरेतून स्टिरॉइड. त्या बऱ्या होऊन घरी आल्या; परंतु पूर्वी एका दमात चढत असलेल्या दोन मजल्यांपैकी एकाच मजल्यावर त्या आता थांबतात. सीओपीडीचा असा प्रत्येक झटका फुफ्फुसांचे थोडे भांडवल कायमचे घेऊन जातो.

त्या रुग्णालयात असतानाच मी त्यांच्या घरी जाऊन पाहून आलो. ते कामगिरीवर जाणे नव्हते. मनाला लागले होते, म्हणून गेलो.

ज्या खोलीत त्यांना दार लावून बसवले होते, तेथील कपाटाच्या माथ्यावर मी बोट फिरवले. बोट पांढरे झाले. पंख्याच्या पात्यांवर, मच्छरदाणीवर, देवाच्या तसबिरीच्या चौकटीवर तीच पूड. दाराखाली अर्ध्या इंचाची फट होती. स्वयंपाकघर पश्चिमेला आणि काकूंची खोली पूर्वेला. पनवेलला दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो, हे येथील प्रत्येकाला ठाऊक आहे. एग्झॉस्ट पंखा भिंतीतून काढून ठेवलेला, स्वयंपाकघराची खिडकी ‘धूळ बाहेर जावी’ म्हणून सताड उघडी आणि काकूंच्या खोलीची खिडकी ‘हवा यावी’ म्हणून उघडी. म्हणजे वारा एका खिडकीतून आत येत होता, फोडलेल्या भिंतीवरून फिरत होता आणि दाराखालच्या फटीतून काकूंच्या पलंगावरून बाहेर पडत होता. वर छताचा पंखा चालू.

आता त्या भिंतीविषयी. सिडकोची स्थापना १९७० सालची; नवीन पनवेलची वसाहत त्यानंतर टप्प्याटप्प्याने उभी राहिली. त्या काळच्या घरांत ओट्याच्या वर दीड-दोन फुटांची पांढऱ्या चौकोनी टाइल्सची पट्टी असे, बाकी भिंतीला रंग. पुढे हाती चार पैसे आल्यावर छतापर्यंत फुलाफळांच्या चित्रांच्या मोठ्या टाइल्स आल्या. जुन्या काढण्याचा खर्च आणि राडा टाळावा, म्हणून गवंड्याने जुन्यांवर टाचे मारले आणि वरूनच सिमेंटमध्ये नव्या बसवल्या. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी कुणी तरी चिकटद्रव्याने तिसरा थर लावला. काकूंच्या घरात असे तीन थर होते. अनेक घरांत दोन तरी असतात. वाचकहो, आपल्या स्वयंपाकघरात विजेच्या बटणाची पेटी भिंतीत खोल गेलेली दिसत असेल किंवा खिडकीच्या कडेला टाइल्सची जाडी इंचभराहून अधिक भरत असेल, तर आपल्याकडेही थर आहेत असे समजा. नाणे घेऊन टाइल हलके वाजवा. आवाज पोकळ आला, तर वरचा थर भिंतीपासून सुटत चालला आहे.

थरांचा प्रश्न केवळ धुळीचा नाही. टाइल आणि तिच्यामागचा दीड-दोन सेंटिमीटर सिमेंटचा माल धरला, तर एका थराचे वजन चौरस फुटाला चार ते पाच किलो भरते. ओट्याभोवतीची साठ चौरस फूट भिंत आणि तीन थर म्हटले, तर सातशे ते नऊशे किलोंच्या आसपास ओझे त्या साडेचार इंची भिंतीला लोंबकळत असते. फोडताना एकेक टाइल सुटत नाही; आतून पोकळ झालेला आख्खा पापुद्रा एकदम खाली येतो. मी गवंडी नाही. तो भाग गवंड्याने आणि गरज पडल्यास इंजिनिअरने पाहावा. डॉक्टर म्हणून एवढेच सांगतो, की काम चालू असताना ‘चहा ठेवते’ म्हणून आजींनी त्या खोलीत पाऊल टाकू नये आणि आजोबांनी मिस्त्रीला सूचना देण्यासाठी भिंतीखाली उभे राहू नये. ही सवय आजोबांना फार असते.

धुळीकडे वळतो, कारण माझी चूक तेथे झाली. डोळ्यांना दिसते, नाकात काळी-पांढरी जमते, शिंक आणते, ती जाड धूळ. ती नाकात आणि घशात अडते. तिचा त्रास होतो, पण ती खोलवर जात नाही. खरी चिंता चार-पाच मायक्रॉनहून बारीक कणांची. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी. हे कण थेट वायुकोशांपर्यंत उतरतात. एक मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला, हवा पूर्ण स्थिर असली, तरी चार तासांहून अधिक वेळ घेतो. पंखा चालू असेल, तर तो बसतच नाही. संध्याकाळी सहाला गवंडी गेला, सुनेने केर काढला, घर स्वच्छ ‘दिसू’ लागले, आजी आठ वाजता जेवायला बाहेर आल्या. त्या वेळी हवेत सर्वांत बारीक धूळ तशीच असते. काकूंना तिसऱ्या रात्री धाप लागली, ती तीन दिवसांच्या अशा साठलेल्या श्वासांची.

टाइल, सिमेंटचा माल, वाळू यांत स्फटिकरूपी सिलिका असते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या कोष्टकात टाइलमध्ये तिचे प्रमाण ३० ते ४५ टक्के आणि सिमेंट-काँक्रीटच्या मालात २५ ते ७० टक्के दिले आहे. या सिलिकेमुळे वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना सिलिकोसिस होतो, आणि १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिचा समावेश कर्करोगकारक पदार्थांत केला. हे वाचून घाबरू नका. घरातील एका कामामुळे, चार दिवसांच्या धुळीमुळे, घरच्यांना सिलिकोसिस होत नाही. घरातील वृद्धांना भीती आहे ती वेगळी : आधीच नाजूक असलेल्या श्वासनलिका त्या धुळीने सुजतात, आकसतात, कफ घट्ट होतो, त्यावर जंतुसंसर्ग होतो आणि कमी पडलेल्या ऑक्सिजनचा ताण हृदयावर येतो. दमा, सीओपीडी, जुना क्षयरोग, बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेली, हृदयाचे पंपिंग कमी असलेली व्यक्ती घरात असेल, तर हा धोका काही तासांत समोर उभा राहू शकतो.

आपल्या कोकणपट्टीत याला आणखी एक जोड मिळते. दोन थरांच्या मध्ये पाणी झिरपून वर्षानुवर्षे ओल कोंडलेली असते. टाइल सुटते, तेव्हा मागे काळे-हिरवे डाग दिसतात आणि कुबट वास येतो. ती बुरशी. तिचे बीजकण धुळीबरोबर उडतात. कर्करोगाची केमोथेरपी चालू आहे, मूत्रपिंड बदलले आहे किंवा दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, अशा व्यक्तीच्या फुफ्फुसात ही बुरशी घर करू शकते. रुग्णालयांच्या इमारतींत दुरुस्ती चालू असताना असे संसर्ग वाढतात, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. म्हणून तेथे पडदे बांधून काम करतात. घरात मात्र आपण जुनी साडी दारावर टाकून समाधान मानतो.

म्हणून आता माझा सल्ला बदलला आहे. दार लावून बसवू नका; फोडाफोडीच्या दिवसांत त्या व्यक्तीला घराबाहेर राहायला पाठवा. मुलीकडे, भावाकडे, गावी, तेही नसेल तर वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे. थर काढण्याचे काम बहुधा दोन ते चार दिवस चालते; त्यानंतरचे दोन दिवस स्वच्छतेचे. एवढे पाच-सहा दिवस. नव्या टाइल्स कापतानाही धूळ होते. ती कापाकापी इमारतीखाली मोकळ्या जागेत, पाण्याची धार सोडून करायला सांगा.

हे सांगणे सोपे आहे. काकूंना आधीच बहिणीकडे पाठवायचे म्हटले होते, त्या गेल्या नव्हत्या. मला नंतर कळले, की त्या म्हणाल्या होत्या, “माझं स्वयंपाकघर फोडणार आणि मीच घरात नको?” त्या रागात तथ्य आहे. ज्या ओट्यापुढे त्यांनी तीस वर्षे काढली, त्याची उंची किती असावी, मिसळणाचा डबा कुठे राहील, टाइल्सचा रंग कोणता, हे मुलगा, सून आणि ठेकेदार यांनी मोबाईलवरील चित्रे पाहून ठरवले होते. काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती आहे : घर सोडून जा, असे सांगण्यापूर्वी घराविषयी विचारा. नमुन्याच्या टाइल्स त्यांच्यापुढे ठेवा, ओट्याची उंची त्यांच्या कोपरावरून घ्या. ज्यांचे मत घेतले गेले, ते सहा दिवस बाहेर राहायला फारसे आढेवेढे घेत नाहीत, असा माझा अनुभव आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांचे मात्र वेगळे. त्यांना अनोळखी घर अधिक गोंधळात टाकते. ओळखीचे माणूस सोबत आणि नेहमीची उशी-पांघरूण हवेच. परतल्यावर पाण्याचा माठ तरी जुन्याच कोपऱ्यात ठेवा.

बाहेर पाठवणे अगदीच शक्य नसेल, अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर त्या खोलीच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल, दाराच्या कडांना चिकटपट्टी आणि स्वयंपाकघराच्या दाराला जमिनीपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा. स्वयंपाकघराच्या खिडकीत हवा बाहेर फेकेल असा पंखा उलटा लावून घ्या, म्हणजे वारा घरातून बाहेर जाईल. त्यासाठी आधी वाऱ्याची दिशा पाहा. समोरून वारा येत असेल, तर सकाळच्या वेळेतच फोडकाम उरका. कोविडच्या काळात उरलेले कापडी मास्क या धुळीला उपयोगाचे नाहीत. घट्ट बसणारा एन-९५ चालतो, पण धाप लागणाऱ्या वृद्धांना तो तासन्‌तास सहन होत नाही. तो काम करणाऱ्यांना आणि ये-जा करणाऱ्या घरच्यांना द्यावा.

धूळ उडू न देणे हे धूळ अडवण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे. ग्राइंडरने रेघा मारून टाइल्स कापण्याऐवजी छिन्नी-हातोड्याने काढायला सांगा. काम लांबते आणि मिस्त्री कुरकुर करतो. थोडी मजुरी अधिक द्या. बागेला पाणी मारण्याचा फवारा घेऊन भिंत आधी भिजवावी आणि काम चालू असतानाही भिजवत राहावे. मात्र त्याआधी स्वयंपाकघराचा वीजपुरवठा मेनमधून बंद करावा. थरांमागे जुन्या तारा कुठून गेल्या आहेत, हे कुणालाच ठाऊक नसते. पाइपगॅस असेल, तर त्या नळीला हात लावण्याचे काम गॅस कंपनीच्या माणसाचे. राडारोडा गोणीत भरण्यापूर्वी त्यावर पाणी मारा, गोणीचे तोंड बांधा, खिडकीतून खाली फेकू देऊ नका. बांधकामाच्या कचऱ्यासाठी २०१६ सालापासून स्वतंत्र नियम आहेत. तो रात्री गुपचूप तलावाच्या किंवा गाढी नदीच्या काठी नेऊन टाकण्यासाठी नाही. काकूंच्या घरातून अशा तीसेक गोण्या निघाल्या. गोणी वीस किलोंची. मुलाने हौसेने चार उचलल्या आणि पुढच्या आठवड्यात कंबर धरून माझ्याकडे आला, हे जाता जाता.

स्वच्छतेत झाडू वापरू नये, यावर माझा फार कटाक्ष आहे. झाडूने बसलेली धूळ पुन्हा उडते. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरमधूनही बारीक कण मागच्या बाजूने बाहेर पडतात. रात्रभर पंखे बंद ठेवून धूळ बसू द्या. सकाळी ओल्या फडक्याने वरून खाली पुसत या : पंख्याची पाती, कपाटांचे माथे, दारांच्या चौकटी, शेवटी फरशी. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे धुवा, एसीची जाळी धुवा. एक दिवस जाऊ द्या आणि पुन्हा सगळे पुसा. दुसऱ्यांदा पुसलेले फडके पांढरे निघाले नाही, तर वडीलधाऱ्यांना घरी आणा.

भिंतीचा वरचा भाग जुन्या तैलरंगाचा असेल आणि घरात रांगते नातवंड असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या आत असावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडाच घासू नये, आणि बाळानेही आजीबरोबर सहा दिवस पाहुणचाराला जावे. गॅलरीवरचे जुने सिमेंटचे पत्रे याच कामात काढणार असाल, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असते. ते फोडू नयेत, कापू नयेत, भिजवून आणि खिळे सोडवून अखंड उतरवावेत.

आता ज्या गोष्टी कुणाच्या मनातही येत नाहीत, त्या. स्वयंपाकघर बंद असताना फ्रिज बाल्कनीत जातो किंवा वीज बंद असल्याने दिवसभर गरम राहतो. त्यात इन्सुलिन असते. सध्या वापरात असलेली बाटली किंवा पेन सामान्य तापमानाला साधारण चार आठवडे चालते. न उघडलेला साठा मात्र शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोळ्यांचा डबा ओट्याजवळच्या फळीवर असतो आणि सामान हलवताना तो कुठल्या तरी खोक्याच्या तळाशी जातो. रक्तदाबाची गोळी चार दिवस चुकलेले रुग्ण मी दर हिवाळ्यात पाहतो. आठवड्याची औषधे आणि पंप एका पिशवीत घालून ती पिशवी आजींच्या हाती द्या, सामानात टाकू नका. या दिवसांत जेवण बाहेरून येते. त्यातील मीठ, लोणचे, पापड यांनी हृदयरुग्णांच्या पायांवर सूज येते. साधा वरणभात एखाद्या शेजारणीकडून मिळाला, तर उत्तम. आणि पाण्याची घागर दूर गेली, बाथरूमच्या वाटेवर गोण्या आल्या, की वृद्ध माणसे पाणी पिणेच कमी करतात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, कधी एकाएकी भ्रम. बाथरूमची वाट मोकळी हवी, तेथे रात्री दिवा हवा.

मधुमेहींनी घरातही बंद चपला घालाव्यात. ग्लेज टाइलची कपची काचेसारखी धारदार असते आणि पायाची संवेदना गेलेल्या माणसाला ती रुतलेली कळतही नाही. रोज रात्री तळवे पाहा. स्वतःला दिसत नसतील, तर सुनेला किंवा नातवाला पाहायला सांगा. यात संकोच नको.

दम वाढला, शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, कफाचा रंग पिवळा-हिरवा झाला, ऑक्सिजनचा आकडा नेहमीपेक्षा तीन-चारने उतरला, तर ‘काम संपल्यावर बघू’ म्हणू नका. बोलताना वाक्य तुटू लागले, ओठ निळसर दिसले किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर थेट रुग्णालय. काम सुरू करण्याच्या आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटा आणि नेहमीचा पंप नियमित चालू आहे ना, तातडीचा पंप संपत तर आला नाही ना, हे पाहून घ्या. डॉक्टर घाईत असतील, तर किती थर आहेत, हे आपणहून सांगा.

मी काकूंच्या घरी गेलो, त्या दिवशी स्वयंपाकघरात एक तरुण शेवटचा थर काढत होता. पापण्यांपर्यंत पांढरा, तोंडाला गमछा. मी तेथे होतो तेवढ्या पंधरा मिनिटांत तो कोरडा खोकला अनेकदा खोकला. किती वर्षे हे काम करतो, विचारले, तर म्हणाला, दहा. गावाकडे एकदा क्षयरोगाची औषधे पूर्ण घेऊन झाली होती, खोकला राहिलाच. त्याचा एक्स-रे काढून घेतला. दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके. थुंकीत जंतू नाहीत. सिलिकोसिस आणि क्षयरोग एक्स-रेमध्ये एकमेकांसारखे दिसू शकतात आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षयरोगही लवकर जडतो, त्यामुळे गल्लत होते. त्याला मुंबईच्या छातीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. काम सोडणे आणि वाढ रोखणे एवढेच हाती असते. वय एकतीस.

कारखान्यांसाठी सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. पण आपल्या स्वयंपाकघराला कारखाना कोण म्हणणार? ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांवरच बंदी घातली, कारण ते कापणारे तरुण कामगार या रोगाने झिजत होते. त्या दगडात ९० टक्क्यांहूनही अधिक सिलिका असू शकते. आपल्याकडे तोच दगड सध्या ‘लेटेस्ट’ म्हणून दाखवतात आणि घरातच कोरडा कापतात. जुना कडाप्पा किंवा ग्रॅनाइटचा ओटा धड असेल, तर राहू द्या, असे मी म्हणेन. कामाला येणाऱ्याला चांगला मास्क आपण विकत घेऊन द्या, पाणी मारायला फवारा द्या, आणि वर्षात नव्वद दिवस बांधकामाचे काम करणाऱ्याला राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते, हे त्याला सांगा. त्या तरुणाला हे मंडळ ठाऊक नव्हते. काकूंच्या मुलाने त्याचा अर्ज भरून दिला.

काकू आता दर महिन्याला येतात. पंप घेण्याची पद्धत मी त्यांच्याकडून दर वेळी करवून घेतो. तीन थरांखालच्या मूळ पांढऱ्या टाइल्सपैकी एक न फुटता निघाली. तिच्या कोपऱ्यावर हळदीचा पिवळा डाग आहे. ती त्यांनी गरम भांडे ठेवायला घेतली आहे. नव्या स्वयंपाकघराविषयी त्यांची एकच तक्रार असते, की ओटा दोन इंच उंच झाला, पोळ्या लाटताना खांदा दुखतो. त्यासाठी मी फिजिओथेरपीचे दोन व्यायाम दिले आहेत. सुतार चार इंचांचा पाट करून देणार होता, तो अजून आलेला नाही.